मोबाइल आहे, मग अभ्यासवर्ग कशाला?



मागच्या अंकानंतर काही सभासदांनी विचारले, "आता सगळा अभ्यास मोबाइलवर मिळतो. मग एरंडोलच्या भिलाटीतल्या संध्याकाळच्या वर्गाला पाट्या आणि शिक्षिका अजून कशाला हव्यात?" वर्गणी तुम्ही देता, त्यामुळे विचारण्याचा हक्क तुमचाच. जे रोज पाहतो ते सांगतो.

बालभारतीच्या पुस्तकात ठिपक्याठिपक्यांचा एक काळा-पांढरा चौकोन छापलेला असतो, त्याला क्यूआर कोड म्हणतात. त्यावर मोबाइल धरला की दीक्षा अ‍ॅपमध्ये त्या पाठाचा व्हिडिओ आणि सराव उघडतो. सोय खरोखर चांगली आहे. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि खेड्यांतले पहिली ते चौथीचे वर्ग डिसेंबर २०२१ मध्ये उघडले. त्या जवळजवळ वीस महिन्यांत ज्यांच्या घरी मोबाइल, रिचार्ज आणि शेजारी बसणारे मोठे माणूस होते, त्या मुलांना याचा आधार झाला. आमच्या वस्तीत मोबाइल बापाच्या खिशात असतो आणि बाप दिवसभर कापसाच्या शेतात.

पण मोबाइल नसणे ही अर्धीच अडचण. तिसरीतल्या एका मुलीला मी माझ्या मोबाइलवर गोष्टीचा व्हिडिओ दाखवला. तिने तो तीनदा पाहिला, शेवटचे गाणेही म्हणून दाखवले. गोष्टीत काय झाले असे विचारले, तेव्हा नुसती हसली. घरी ती भिली आणि अहिराणी मिसळून बोलते. व्हिडिओतल्या बाई पुस्तकी मराठी बोलत होत्या. मग आमच्या शिक्षिकेने तीच गोष्ट 'आठे' आणि 'तठे' म्हणत सांगितली. मुलगी मध्येच थांबवून भांडू लागली, कोल्ह्याने असे करायलाच नको होते म्हणून! त्यानंतर पुस्तकातले 'येथे' आणि 'तेथे' तिला कोणी शिकवावे लागले नाहीत.

जुलै २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही शक्य असेल तेथे किमान पाचवीपर्यंत मुलाच्या घरच्या भाषेतून शिकवावे, असे म्हटले आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचे रणजितसिंह डिसले गुरुजी तुम्हाला आठवत असतील. २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार त्यांना मिळाला आणि क्यूआर कोडवाले गुरुजी म्हणून सगळीकडे नाव झाले. मात्र पुरस्काराच्या वेळी त्यांच्या कामाची जी ओळख करून दिली गेली, तिच्यात आणखी एक गोष्ट होती: मुलांची घरची भाषा कन्नड, म्हणून ते आधी कन्नड शिकले. बातम्यांत चौकोन राहिला, कन्नड मागे पडले. मला तरी कन्नडच मोठे वाटते.

आता स्थलांतराचे. दसरा झाला की मुकादमाचा ट्रक येतो. उचल घेतलेली जोडपी लेकरांसह ऊसतोडीला जातात आणि आखाजीच्या सुमारास परततात. शाळेचे निम्मे वर्ष कोपीत जाते. कायदा मुलाच्या बाजूने आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. दाखला यायला उशीर झाला म्हणून शाळेला प्रवेश नाकारता येत नाही, आणि मुलाला त्याच्या वयाच्या इयत्तेत बसवावे लागते. गावची शाळा शिक्षण हमी पत्रकही देते, म्हणजे पुढच्या गावी मूल कुठवर शिकले ते कळते. तरी मागच्या हंगामात दूरच्या एका गावात आमच्या एका मुलाला दाखल्यावाचून परत पाठवले. आम्ही एरंडोलहून पत्रकाचा फोटो मोबाइलवर पाठवला, मुलाच्या वडिलांना कायद्यातली ओळ समजावून दिली. चौथ्या दिवशी मूल वर्गात बसले. मोबाइलचा असा उपयोग मला शंभर व्हिडिओंहून मोलाचा वाटतो.

गेल्या वर्षी आणखी एक करून पाहिले. रविवारी उपासना आटोपली की शिक्षिका कोप्यांवर फोन लावायची आणि प्रत्येक मुलाने एक पान मोठ्याने वाचून दाखवायचे. सात मुलांपासून सुरुवात केली, आखाजीपर्यंत तिघांचे टिकले. बाकीच्यांकडे कधी रिचार्ज संपला, कधी पाहावे तेव्हा धाकटे भावंड कडेवर. जी तीन टिकली, ती परतल्यावर वर्गाबरोबर वाचू लागली.

याहून बरा मार्ग म्हणजे मूल गावातच राहणे. सरकारची हंगामी वसतिगृहाची योजना त्यासाठीच आहे: आईवडील गेले तरी मूल नातेवाइकांकडे राहते, जेवण मिळते, शाळा चुकत नाही. पण त्यासाठी ट्रक येण्याआधीच नावे द्यावी लागतात आणि घरात सांभाळणारे कोणी लागते. म्हणून पाट्यांबरोबर शिक्षिकाही हवी. पोळ्यापासूनच घरोघर फिरून कोण जाणार, कोण राहणार, ते तीच विचारते.

कोल्ह्याशी भांडणारी ती मुलगी आता चौथीत आहे. आईवडिलांनी उचल घेतली आहे, आणि धाकट्या भावाला सांभाळायला तिला न्यायचे म्हणतात. आजी गावातच राहणार आहे. आम्ही दोनदा आजीकडे जाऊन आलो. तिने चहा दिला, होकार अजून दिलेला नाही. बुधवारी पुन्हा जाणार आहोत. त्या मुलीसाठी प्रार्थना करा, आणि आजीसाठीही.