अवटु ग्रंथीतील गाठींचे उष्णताचिकित्सेनंतरचे परीक्षण

गळ्यात श्वासनालाच्या पुढील बाजूस असलेल्या अवटु ग्रंथीतील, म्हणजेच थायरॉइडमधील, गाठ उष्णतेने नष्ट केल्यावर तीत कर्करोग राहून गेला नाही ना, हे ठराविक कालांतराने तपासण्याची पद्धती. या ग्रंथीतील बहुसंख्य गाठी साध्या असतात. परंतु त्या मोठ्या झाल्यास गिळण्यास त्रास होतो किंवा गळा विद्रूप दिसतो. अशा गाठींवर लेसर किरणांचा प्रयोग इटलीत, तर रेडिओ कंप्रतेच्या विद्युत् प्रवाहाचा दक्षिण कोरियात झाला. त्यांचे वृत्तांत अनुक्रमे २००० व २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. उष्णतेने कोशिकांतील प्रथिने साखळतात, कोशिका मरतात व मृत ऊतक हळूहळू शोषले जाऊन गाठ आकसते.

शस्त्रक्रियेने काढलेली गाठ सूक्ष्मदर्शकाखाली तपासता येते. येथे ती जागीच नष्ट होत असल्याने निदान आधीच पक्के करावे लागते. त्यासाठी बारीक सुईने काढलेल्या कोशिकांच्या परीक्षेत गाठ साधी असल्याचा निष्कर्ष सामान्यतः दोनदा मिळणे आवश्यक मानतात. तरीही काही थोडे कर्करोग नजरेतून सुटतात. पुटकीय कर्करोगाचे निदान गाठीचे आवरण किंवा रक्तवाहिन्या भेदल्या गेल्या आहेत की नाही यावरून होते. ते सुट्या कोशिकांवरून करता येत नाही.

उपचारानंतर साधारणपणे १–२, ६ व १२ महिन्यांनी आणि पुढे दरवर्षी सोनोग्राफी करतात. लांबी, रुंदी व जाडी यांच्या गुणाकारास ०·५२ ने गुणून गाठीचे घनफळ काढतात. वर्षभरात ते बहुधा निम्म्याहून कमी होते. नोंदलेल्या किमान घनफळात ५० टक्क्यांहून अधिक वाढ झाल्यास गाठ पुन्हा वाढत असल्याचे मानतात. ही वाढ बहुधा कडेला जिवंत राहिलेल्या ऊतकातून होते. ती कर्करोगाचीच असते असे नाही.

उष्णतेने मृत झालेला भाग सोनोग्राफीत काळसर व अनियमित कडांचा दिसतो, त्यात कॅल्शियमही साचते. कर्करोगाच्या गाठीतही हीच लक्षणे असल्याने एकाच प्रतिमेवरून निष्कर्ष काढल्यास अनावश्यक शस्त्रक्रिया होण्याचा, तर सर्वच बदल उपचाराचे मानल्यास खरा रोग दुर्लक्षिला जाण्याचा धोका संभवतो. म्हणून उपचारापूर्वीच्या व नंतरच्या प्रतिमांची क्रमवार तुलना करतात. कडेला रक्तप्रवाह असलेला वाढता भाग किंवा मानेत संशयास्पद लसीका ग्रंथी आढळल्यास तेथील कोशिका पुन्हा तपासतात. मृत मध्यभागातून घेतलेला नमुना निरुपयोगी ठरतो. परीक्षेत गाठ साधी ठरल्यास उष्णताचिकित्सा पुन्हा करता येते. कर्करोग आढळल्यास बहुधा शस्त्रक्रिया करतात.