जूनचं कर्ज जानेवारीतच टाळायचं

संसाराचा हिशेब : लेखांक सातवा

मागच्या आठवड्यात आपण सरलेल्या वर्षाची वही उघडून बसलो होतो. किराणा किती, दवाखाना किती, लग्नकार्यांतले आहेर किती, हे एकदा नजरेखालून गेलं की पुढचा प्रश्न आपसूक येतो : नव्या वर्षात वाचवायचं किती आणि कशासाठी? या दिवसांत शहरी पुरवण्यांमध्ये एक ठरलेला सल्ला छापून येतो. पगारातले वीस टक्के आधी बाजूला टाका आणि उरलेल्यात महिना भागवा. सल्ला वाईट नाही. पण धाराशिव जिल्ह्यातल्या बहुतेक घरांत एक तारखेला पगार होत नाही, आणि ज्या घरात पगार होत नाही त्या घराला महिन्याचं उद्दिष्ट देऊन उपयोग नाही.

इथं पैसा पिकापाठोपाठ येतो. दसरा-दिवाळीला सोयाबीन, जानेवारीत तूर, शिमग्याच्या आसपास हरभरा आणि ज्वारी. उसाचं बिल कारखाना काढेल तेव्हा. भूम-परांड्याकडे ज्यांच्या दावणीला दुभती जनावरं आहेत, त्यांच्या घरी दुधाचा पगार दर दहा दिवसांनी होतो. जिल्ह्यात त्यातल्या त्यात नियमित पैसा हाच. खर्चाची तऱ्हा उलटी. मृग निघाला की बी, खत, पाळी-पेरणीचा ट्रॅक्टर आणि पोरांच्या वह्या-पुस्तकांसह शाळेची फी, सगळं एका पंधरवड्यात अंगावर येतं. तिथून सोयाबीन घरात येईपर्यंतचे चार महिने घरात फक्त खर्च असतो. आपल्याकडची बहुतेक घरगुती कर्जं या चार महिन्यांत जन्माला येतात.

म्हणून माझं म्हणणं असं की आपल्या भागात बचतीचं पहिलं उद्दिष्ट ‘अमुक हजार साठवायचे’ हे नसावं. येत्या जूनमध्ये जे कर्ज काढावं लागणार आहे, ते निम्मं करायचं, हे असावं. या एका उद्दिष्टात रक्कमही आली, तारीखही आली आणि कारणही आलं.

व्याज मांडून पाहू. जूनच्या पहिल्या आठवड्यात 20 हजार रुपये शेकडा तीननं घेतले आणि सोयाबीन विकून नोव्हेंबरात फेडले, तर पाच महिन्यांचं व्याज 3 हजार. शेकडा पाचनं घेतले तर 5 हजार. महिन्याला शेकडा पाच ऐकायला किरकोळ वाटतं, वर्षाचे ते 60 टक्के होतात. या दरानं पैसे घेणाऱ्या घरात बचत म्हणून बँकेत दहा हजारांची पावती करून ठेवली असेल, तर ती पावती मोडून आधी हे कर्ज कमी करावं. पावतीवर वर्षाला सहा-सात टक्के मिळवायचे आणि बाहेर साठ टक्के मोजायचे, यात घर तोट्यातच जातं. पीककर्जाची गोष्ट याच्या अगदी उलट. तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडलं तर केंद्राची सवलत आणि राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख योजना मिळून व्याज शून्यावर येतं. तेव्हा ज्यांना भरणं शक्य आहे त्यांनी वर्षाच्या उद्दिष्टांत बँकेचं कर्ज मुदतीत नवं-जुनं करणं सगळ्यात वर लिहावं. एक मुदत चुकली की तो शून्याचा दर जातो, थकबाकीदाराला नवं कर्ज मिळत नाही आणि पुढची पेरणी सावकाराच्या दारी उभी राहते.

1 जानेवारीपासून 7 जूनपर्यंत 22 आठवडे हातात आहेत. दर बाजारच्या दिवशी 500 रुपये बाजूला पडले तर मृगापर्यंत 11 हजार होतात. 300 पडले तर 6 हजार 600. आठवड्याचा हिशेब मी मुद्दाम सांगते, कारण आपल्या गावांचं जगणं आठवडी बाजारावर चालतं. भाजी, अंडी, कोंबडी, मजुरी यांचा पैसा याच दिवशी हातात खेळतो आणि संध्याकाळपर्यंत संपतोही. बाजाराला निघण्याआधी पैसे काढून ठेवायचे. परत आल्यावर जे उरेल ते ठेवू म्हटलं तर उरत काही नाही.

ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांचं वर्ष मात्र वेगळं मोजावं लागतं. भूम, वाशी, कळंब, परांडा या बालाघाटाच्या पट्ट्यातून दिवाळीच्या सुमाराला कोयते कारखान्यांकडे निघतात, ते पाडव्याच्या आसपास परततात. त्यांचा पैसा उचल म्हणून आधीच येतो आणि हंगामभर फिटत राहतो. अशा घराचं नवं वर्ष पाडव्याला धरावं. यंदा पाडवा 19 मार्चला आहे. उद्दिष्ट एकच ठेवावं : पुढच्या हंगामाची उचल गेल्या वेळेपेक्षा कमी घ्यायची. उचल कमी असेल तर मुकादमाशी बोलताना आवाज वेगळा असतो, आणि मधेच आजारपण निघालं तर घरी परतण्याची मोकळीक राहते. साठवलेल्या पैशाची किंमत नुसत्या व्याजात मोजता येत नाही, ती अशी.

या जिल्ह्यातल्या बायकांना बचत शिकवायला बाहेरच्या कुणाची गरज नाही. 30 सप्टेंबर 1993च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा लातूरच्या जोडीला आजच्या लोहारा आणि उमरगा तालुक्यांतली गावंही जमीनदोस्त झाली. सास्तूरचं नाव तेव्हा देशभर गेलं. पुनर्वसनाच्या कामात गावोगावच्या बाया संवाद सहायक म्हणून उभ्या राहिल्या. घराची लांबी-रुंदी, पाया, लोखंड, मिळणारे हप्ते यांवर त्या इंजिनिअरशी बोलू लागल्या आणि शेजारच्या घरांना समजावून सांगू लागल्या. प्रेमा गोपालन यांची ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ ही संस्था याच कामातून आकाराला आली. नाबार्डनं 1992 मध्ये बचत गट बँकांना जोडण्याचा प्रयोग सुरू केलेला होताच. घरं बांधून झाली तरी बाया पांगल्या नाहीत, त्या बचत गटांत टिकून राहिल्या.

पुढं लागोपाठ दुष्काळ पडले, तेव्हा याच बायकांनी घरच्या शेतातला एखादा एकर स्वतःकडे मागून घेतला आणि त्यात भाज्या, डाळी, ज्वारी-बाजरी अशी आधी घरच्या ताटाला लागणारी पिकं थोड्या पाण्यावर घेतली. 2016 मध्ये संस्थेला संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. हिंगळजवाडीच्या कमल कुंभार शेळ्या-कोंबड्यांच्या व्यवसायातून पुढं आल्या, अनेकींना त्यांनी त्यात उभं केलं आणि 2021चा नारीशक्ती पुरस्कार त्यांना मिळाला. मला यात पुरस्कारांपेक्षा त्या एका एकराचं मोल जास्त वाटतं. ज्या घरातलं तेल, डाळ, भाजी यांपैकी दोन जिन्नस जरी विकत आणायचे थांबले, त्या घराला दर आठवड्याला बचतीसाठी वेगळा निग्रह करावा लागत नाही.

गटाची पद्धत घरालाही जशीच्या तशी लागू पडते. ‘उमेद’ अभियानातल्या बचत गटांत पंचसूत्री पाठ असते : नियमित बैठक, नियमित बचत, आपसांत कर्ज, वेळेवर परतफेड आणि हिशेब लिहिणं. यातलं चौथं आणि पाचवं सूत्र बहुतेक घरांत गळून पडतं. डब्यातले पैसे काढले जातात, परत ठेवले जात नाहीत, आणि काढल्याची नोंदही नसते. घरच्या डब्यातून हजार रुपये उचलले तर ते उसनेच धरावेत, तारीख घालून वहीत लिहावेत. गटाचा आकडाही पाहा. पंधरा जणींनी महिना शंभर टाकले तर वर्षाला 18 हजार होतात. त्यातून एखादीनं जूनमध्ये 10 हजार शेकडा दोननं पाच महिने वापरले तर व्याज होतं हजार रुपये, आणि ते गटातच राहून सगळ्यांच्या नावावर जमा होतं. मात्र गटाच्या नावाखाली फायनान्स कंपन्यांची चार-चार कर्जं घेऊन एकाचा हप्ता दुसऱ्यातून भरणं, ही बचत नाही. सगळ्या हप्त्यांची मिळून रक्कम घराच्या महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याहून जास्त होता कामा नये, असा रिझर्व्ह बँकेचा नियम 2022 पासून आहे. ज्या घराचे हप्ते आजच त्यापुढं गेलेत, त्यांनी यंदा एकच उद्दिष्ट लिहावं : नवा हप्ता नाही.

आता या महिन्यातच करण्यासारखं एक काम. तूर काढणीला आली आहे. केंद्राचा हमीभाव क्विंटलला 8 हजार रुपये आहे, बाजारात आवक वाढली की अनेकदा भाव त्याच्या खाली जातो. आपण पोत्यानं तूर विकतो आणि वर्षभर किलो-किलोनं डाळ विकत आणतो. पाच माणसांच्या घराला महिन्याला तीन-चार किलो डाळ लागते, म्हणजे वर्षाला 40-45 किलो. एक क्विंटल तुरीची साधारण 70 किलो डाळ पडते. हमीभाव धरून त्यात भरडाई मिळवली तरी घरची डाळ किलोला 115-120 रुपयांच्या आसपास पडते. दुकानातला भाव याच्या शेजारी लिहा आणि फरकाला 40नं गुणा. शिवाय चुणी गोठ्यात जाते. वर्षाला लागेल एवढी तूर आधी घरात ठेवून उरलेली विकणं हे जुन्या बायांना सांगावं लागत नव्हतं. देणेकऱ्यांच्या घाईत ते सुटलं.

सोयाबीनच्या बियाण्याचंही तसंच. सोयाबीन स्वपरागित पीक आहे, त्यामुळं घरचं चांगलं बी पेरता येतं. एकरी 30 किलो बी लागतं. 5 हजार 328 रुपये हा हमीभाव धरला तरी घरच्या 30 किलोची किंमत 1 हजार 600 होते, बाजारातली पिशवी त्याहून बरीच महाग पडते. पण बी जपावं लागतं. सोयाबीनचं टरफल नाजूक असतं, पोतं आपटलं की उगवण गेली. थप्पी उंच लावायची नाही, पोती लाकडी फळ्यांवर ठेवायची. मे महिन्यात शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात दहा-दहाच्या ओळींत मांडायचे, गुंडाळून सावलीत ठेवायचे, गोणपाट ओलं राखायचं आणि आठवड्यानं मोडांचे दाणे मोजायचे. सत्तर निघाले तर बी पेरणीजोगं. साठ-पासष्ट निघाले तर थोडं जास्त बी पेरायचं. त्याहून बरेच कमी निघाले तर विकतच आणावं लागेल, पण ते मेमध्ये कळतं, पेरणीच्या आदल्या दिवशी नाही.

गेल्या सप्टेंबरात परांडा, भूम तालुक्यांत पुराचं पाणी शिरलं आणि उभं सोयाबीन जागेवर सडलं. ज्यांचं बी आणि माती दोन्ही वाहून गेलं, त्यांच्यासमोर बचतीच्या गोष्टी करणं मला बरं वाटत नाही. अशा घरानं यंदा काही साठवलं नाही तरी चालेल. चढ्या व्याजाचं कर्ज वाढू द्यायचं नाही आणि घरातलं सोनं मोडण्याआधी बँकेत तारण ठेवून पाहायचं, एवढं झालं तरी वर्ष सावरलं म्हणायचं.

साठवलेला पैसा ठेवायचा कुठं, हा प्रश्न आपल्या जिल्ह्यात नाजूक आहे. मराठवाड्यात जादा व्याजाच्या ठेवी घेणाऱ्या मल्टिस्टेट पतसंस्था बुडाल्या आणि म्हातारपणाच्या ठेवी अडकल्या. बँकेतल्या ठेवीला, मग ती सहकारी बँक असली तरी, पाच लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण असतं. पतसंस्थेतल्या ठेवीला ते नसतं. पाटी सारखीच दिसते, पासबुक सारखंच दिसतं, फरक इथं आहे. गावातल्या गावात पोस्ट आहेच. तिथल्या आवर्ती ठेवीला सध्या 6.7 टक्के व्याज आहे. महिना 500 रुपये पाच वर्षं टाकले तर भरलेल्या 30 हजारांचे 35 हजार 600च्या वर होतात. हप्ता चुकला तर शंभराला एक रुपया दंड बसतो. लाडक्या बहिणीच्या 1 हजार 500 रुपयांवर अनेकजणी असं खातं उघडायचं ठरवतात. त्यातला काही भाग जरूर टाकावा, पण ठेवीचा हप्ता आपल्या दुसऱ्या कमाईतून भरता येईल एवढाच ठेवावा. सरकारी हप्ता मागं-पुढं होतो, पोस्टाची तारीख होत नाही.

आणखी एक रक्कम वहीत लिहून ठेवा : 456 रुपये. जीवनज्योती विम्याचे 436 आणि सुरक्षा विम्याचे 20. हे पैसे मेअखेर खात्यातून आपोआप कापले जातात, कारण विम्याचं वर्ष 1 जूनला सुरू होतं. नेमकं त्याच सुमाराला बी-खतासाठी खातं रिकामं केलेलं असतं, पैसे कापले जात नाहीत आणि विमा बंद पडतो. घरातला कमावता माणूस गेल्यावर बँकेत गेलेल्या बाईला हे समजावं, याहून वाईट काय असणार. नवरा-बायको दोघांचे मिळून 912 रुपये 20 मेपासून खात्यात हलू द्यायचे नाहीत.

धाराशिव, कळंब, उमरग्यासारख्या गावांत पगारावर चालणाऱ्या घरांना पाणी आणि वीज या दोन ओळी पुरेत. रोज वीस रुपयांचा एक जार धरला तरी वर्षाचे 7 हजार 300 होतात. तेवढ्यात पाणी गाळायचं साधं यंत्र येतं. विजेचा दर महिन्याच्या शंभर युनिटनंतर एकदम चढतो. 75 वॅटचा जुना पंखा दिवसाला पंधरा तास फिरवण्याऐवजी 30 वॅटचा नवा बसवला तर महिन्याला वीस युनिट वाचतात. ज्यांचं बिल शंभराच्या थोडं वर जातं त्यांनी उन्हाळ्याआधी हा हिशेब करावा.

पुढच्या लेखांकात लग्नकार्याचा खर्च घेऊ. लगीनसराईच्या आत त्यावर घरात बोलणं झालेलं बरं. तोवर या आठवड्यात नवरा-बायकोनं आणि घरातल्या थोरल्यांनी मिळून वहीचं एक पान भरावं. गेल्या जूनमध्ये कुणाकडून किती घेतले, कोणत्या दरानं घेतले, फिटले कधी आणि व्याज नेमकं किती गेलं. खाली या जूनचा अंदाज आणि त्याच्या निम्मी रक्कम लिहावी. त्या रकमेला 22नं भागलं की येत्या बाजारच्या दिवशी किती पैसे बाजूला काढायचे ते कळेल.