कर्कश सूर आणि काळोखी चित्रे

कला आनंदासाठी असते, हे वाक्य आपण शाळेच्या बाकापासून ऐकत आलो आहोत. गाणे म्हटले की गोडवा आणि चित्रपट म्हटला की करमणूक, हे समीकरण आपल्या घरांत पक्के बसलेले आहे. म्हणूनच घरातील सोळा-सतरा वर्षांचे मूल खोलीचे दार लोटून घेऊन, ज्यात गायक गात नसून ओरडतो आहे असे संगीत ऐकू लागले, किंवा ज्यात आरंभापासून अखेरपर्यंत मृत्यू, आग आणि आक्रोश यांवाचून दुसरे काही नाही असा चित्रपट पाहू लागले, की वडीलधाऱ्यांच्या मनात शंकेची पाल चुकचुकते. ‘असले काय ऐकतोस?’ हा प्रश्न मग विचारला जातो. प्रश्न रास्तच आहे. परंतु बहुधा तो उत्तराची वाट न पाहताच विचारलेला असतो.

त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा हा एक प्रयत्न आहे. त्यासाठी आम्ही दोन उदाहरणे निवडली आहेत. एक अमेरिकेतील ‘हार्डकोअर पंक’ नावाचे संगीत, आणि दुसरे सोव्हिएत संघात निर्माण झालेला एक युद्धपट. दोन्ही आपल्यापासून दूरची आहेत. पण त्यांकडे पाहण्याची दृष्टी मात्र आपल्याच घरात जुन्या पेटीत ठेवलेली आहे. प्रथम ती बाहेर काढू.

आपलीच जुनी कसोटी

भरतमुनींनी नाट्यशास्त्रात आठ रस सांगितले. त्यांतील निम्मे, म्हणजे करुण, रौद्र, भयानक आणि बीभत्स हे चार, कोणत्याही अर्थाने गोड नाहीत. तरीही शृंगार आणि हास्य यांच्या पंक्तीला त्यांना मानाचे पान आहे. प्रत्येकाला रंग आहे, अधिष्ठात्री देवता आहे. भयानकाचा वर्ण काळा आणि देवता काळ; बीभत्साचा वर्ण निळा आणि देवता महाकाल. उज्जैन-इंदूरकडील आमच्या वाचकांना हे दैवत नव्याने सांगावयास नको. ज्या परंपरेने किळस आणि भीती यांनाही देवता दिली, तिने काळोखाला कलेच्या दाराबाहेर उभे केले नव्हते, हे उघड आहे.

पण दुःखाच्या दर्शनाने आनंद का व्हावा? या कोड्याचे एक मराठी उत्तर महाराष्ट्राबाहेरच्या भूमीवरच मांडले गेले. १९२१ साली बडोदे येथे भरलेल्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून न. चिं. केळकर यांनी ‘सविकल्प समाधी’ची कल्पना मांडली. तिचे मर्म थोडक्यात असे : वाचक दुसऱ्याच्या भावनेशी तद्रूप होतो, ही समाधी, परंतु त्याच वेळी तो आपले स्वतःचे भान सोडीत नाही, म्हणून ती सविकल्प. आपण दुसऱ्याच्या जळत्या घरात शिरतो आणि तरीही आपल्या पायांवर उभे असतो.

या दोन शब्दांत आम्हाला एक कसोटी दिसते. काळोखी कलाकृती आपल्याला दुसऱ्याच्या वेदनेपर्यंत नेते काय? आणि नेल्यावर आपले भान शाबूत ठेवते काय? पहिले नसेल तर तो नुसता गोंगाट. दुसरे नसेल तर ती नुसती नशा. या कसोटीवर आपली दोन उदाहरणे घासून पाहू.

ओरडणाऱ्या मुलांचे संगीत

पंक हे संगीत १९७० च्या दशकाच्या मध्यास न्यूयॉर्क आणि लंडन येथे पुढे आले. १९८० च्या सुमारास दक्षिण कॅलिफोर्निया आणि वॉशिंग्टन येथील तरुण पोरांनी ते अधिक वेगवान आणि अधिक कर्कश केले, तेच हार्डकोअर. गाणे मिनिट-दीड मिनिटाचे, गिटारचे मोजकेच स्वरमेळ, ढोलांचा वेग छातीत धडकी भरविणारा, आणि गायकाचा आवाज घशातून नव्हे तर पोटातून आल्यासारखा. रागदारीवर पोसलेल्या कानाला हा छळ वाटावा, यात नवल नाही.

कॅलिफोर्नियातील हर्मोसा बीच या समुद्रकाठच्या गावी ग्रेग गिन या तरुणाने १९७६ साली आपला वाद्यवृंद उभा केला. तोच पुढे ‘ब्लॅक फ्लॅग’ या नावाने ओळखला गेला. १९८१ मध्ये वॉशिंग्टनमधील आइस्क्रीमच्या दुकानातील नोकरी सोडून हेन्री रॉलिन्स हा वीस वर्षांचा मुलगा त्यांचा गायक झाला, आणि त्याच वर्षी त्यांची ‘डॅमेज्ड’ ही ध्वनिमुद्रिका निघाली. राग जगावर आहे, पण त्याहून अधिक स्वतःवर आहे, असा तिचा सूर. ती वितरित करणाऱ्या मोठ्या कंपनीच्या एका अधिकाऱ्याने, आपण स्वतः एक पालक आहोत आणि ही ध्वनिमुद्रिका पालकांविरुद्ध आहे, असे सांगून तिला हात लावण्याचे नाकारले. मुलांनी काय करावे? त्या अधिकाऱ्याचेच उद्गार चिठ्ठीवर छापून वेष्टनावरील कंपनीच्या चिन्हावर चिकटविले!

याच वृंदाने १९८४ च्या ‘माय वॉर’मध्ये एक विलक्षण गोष्ट केली. तबकडीच्या दुसऱ्या बाजूला अवघी तीन गाणी, प्रत्येक सहा मिनिटांहून लांब, आणि चाल पाय ओढीत चालणाऱ्या माणसासारखी संथ. वेगासाठी आलेले श्रोते चिडले. परंतु क्रोधाखाली बहुधा खिन्नता असते, आणि ती धावत नाही. ही समज या मुलांना आली होती असे आम्हाला वाटते. लोकांना हवे तेच विकावयाचे असते, तर हा वेडेपणा त्यांनी केला नसता.

वॉशिंग्टनची कथा याहून बोधप्रद आहे. तेथील ‘बॅड ब्रेन्स’ हा कृष्णवर्णीय तरुणांचा वृंद. हे वादक मुळात जॅझकडून आलेले, म्हणून त्यांचा वेग अंदाधुंद नव्हे. ती कमावलेली लय होती. त्यांच्या गाण्यांतील ‘सकारात्मक मनोवृत्ती’चे ब्रीद नेपोलियन हिल यांच्या १९३७ सालच्या ‘थिंक अँड ग्रो रिच’ या पुस्तकावरून आलेले आहे. आपल्याकडे रेल्वे स्थानकावरील पुस्तकांच्या गाड्यांवर दिसणारे हे पुस्तक अशा ठिकाणी भेटेल, असे कोणास वाटले असते?

त्याच शहरातील इयन मॅके आणि जेफ नेल्सन या मित्रांनी, आपला ‘टीन आयडल्स’ हा पहिला वृंद मोडल्यावर, कार्यक्रमांतून साठलेले पैसे वाटून न घेता त्यांतून एक छोटी ध्वनिमुद्रिका काढली. त्यासाठी १९८० साली ‘डिस्कॉर्ड’ ही संस्था स्थापन केली. वेष्टने स्वतः कापली, दुमडली आणि खळीने चिकटविली. त्यांच्या पुढच्या ‘मायनर थ्रेट’ वृंदाचे ‘स्ट्रेट एज’ हे गाणे १९८१ सालचे. लांबी अवघी ४६ सेकंद. विषय काय? मी दारू पीत नाही, अमली पदार्थ घेत नाही, माझे डोके ठिकाणावर आहे! या गाण्यावरून जगभरच्या तरुणांत निर्व्यसनीपणाची एक चळवळच उभी राहिली. तिची खूण म्हणजे हाताच्या पाठीवरील काळी फुली. १९८० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या एका सभागृहात या अल्पवयीन मुलांना दारू दिली जाऊ नये म्हणून त्यांच्या हातांवर फुली मारण्यात आली. ती कल्पना त्यांनी आपल्या शहरात नेली : आम्हांस दारू देऊ नका, पण संगीत ऐकण्यास आत येऊ द्या. कमीपणाची खूण अशा रीतीने अभिमानाची झाली. मॅके यांच्या १९८७ मध्ये सुरू झालेल्या ‘फुगाझी’ वृंदाने तर तिकीट पाच डॉलरच्या आसपासच ठेवण्याचा आणि कोणत्याही वयाच्या श्रोत्यास मज्जाव न करण्याचा नेम पाळला.

पेनेलोपी स्फीरिस यांनी लॉस एंजेलिसमधील या मंडळींवर ‘द डिक्लाइन ऑफ वेस्टर्न सिव्हिलायझेशन’ हा माहितीपट १९८१ साली प्रकाशित केला. नावच ‘पाश्चात्त्य संस्कृतीचा ऱ्हास’! तो शहरात पुन्हा दाखवू नये, असे पत्र तेथील पोलीसप्रमुखांनी लिहिले. २०१६ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपटसूचीत, म्हणजे जतन करण्यायोग्य कृतींत, त्याच माहितीपटाचा समावेश झाला.

जळत्या गावांचा साक्षीदार

आता चित्रपटाकडे वळू. एलेम क्लिमोव्ह यांचा ‘ये आणि पाहा’ हा १९८५ सालचा चित्रपट. शीर्षक बायबलाच्या प्रकटीकरण या पुस्तकावरून घेतलेले. काळ १९४३, स्थळ नाझी जर्मनीने व्यापलेला बेलारूस. फ्लोरा नावाचा एक कोवळा मुलगा वाळूत पुरलेली बंदूक उकरून काढतो आणि आईचा आकांत न जुमानता गनिमी सैनिकांत सामील होतो. पुढील सव्वादोन तासांत त्याच्या डोळ्यांदेखत एक गाव धान्याच्या कोठारात कोंडून जाळले जाते. आरंभीचा गोल चेहऱ्याचा पोर शेवटी सुरकुतलेल्या म्हाताऱ्यासारखा दिसू लागतो.

हे कल्पनेचे खेळ नव्हते. सहलेखक अलेस अदामोविच हे स्वतः किशोरवयात गनिमी सैनिक होते. त्यांनी आपल्या सहकाऱ्यांसह आगीतून वाचलेल्या गावकऱ्यांच्या तोंडून साक्षी गोळा केल्या होत्या. क्लिमोव्ह स्वतः बालपणी आई आणि तान्ह्या भावासह जळत्या स्टालिनग्राडमधून व्होल्गा ओलांडून आलेले. सरकारी संमतीसाठी त्यांना अनेक वर्षे थांबावे लागले. चित्रपटाच्या शेवटी आकडा येतो : बेलारूसमधील ६२८ गावे माणसांसकट जाळली गेली.

दिग्दर्शकाचा संयम दोन ठिकाणी विशेष दिसतो. फ्लोरा आपल्या घरी परततो. घर रिकामे, माश्या घोंघावताहेत, पण चुलीतील रस्सा अजून कोमट आहे. तो आणि ग्लाशा ही मुलगी पळत असता ती क्षणभर मागे वळून पाहते, आणि घराआड रचलेली प्रेते आपल्याला ओझरती दिसतात. फ्लोरा पाहत नाही. कॅमेराही तेथे रेंगाळत नाही. तसेच ध्वनीचे : तोफांच्या माऱ्याने मुलाच्या कानांत दडे बसतात, आणि मग आपल्यालाही काही काळ तो सुन्न, चिरत जाणारा नादच ऐकू येतो. हार्डकोअरच्या कर्कशपणाचे नाते येथे लागते. दोन्हीकडे आवाज हा शोभेचा नसून जखमेचा आहे.

शेवटी फ्लोरा चिखलात पडलेल्या हिटलरच्या तसबिरीवर गोळ्या झाडू लागतो. प्रत्येक गोळीबरोबर इतिहासाची चित्रफीत उलटी फिरते. युद्ध मागे जाते, मिरवणुका मागे जातात, आणि अखेरीस पडद्यावर येते आईच्या मांडीवरचे तान्हे बाळ. फ्लोराची बंदूक थांबते. एवढे सोसूनही त्याला बाळावर गोळी झाडता येत नाही. केळकरांचा ‘विकल्प’ याहून लख्ख आम्ही क्वचितच पाहिला आहे. या चित्रपटानंतर क्लिमोव्ह यांनी दुसरा चित्रपट केला नाही.

दोष आणि पथ्य

आता दुसरी बाजू. हार्डकोअरच्या कार्यक्रमांत धक्काबुक्कीचे पर्यवसान अनेकदा मारामारीत झाले, आणि मुलींना त्या गर्दीत जागा उरली नाही. १९९० च्या दशकात काही शहरांत निर्व्यसनीपणाच्या नावाखाली दारू पिणाऱ्यांना मारहाणही झाली. व्रताचा असा अहंकार झाला, की ज्या भानासाठी ते घेतले तेच सुटते. चित्रपटांतही रक्ताचा सडा घालून गल्ला भरणारे पुष्कळ आहेत. तेथे वेदना कोणाचीच नसते, दिसते ते फक्त रक्त. शिवाय मोठा आवाज कानांना खरोखर इजा करतो. आवाज बेताचा ठेव, हे सांगणे जुनाटपणा नव्हे. ‘ये आणि पाहा’ हा लहान मुलांनी पाहण्याचा चित्रपटही नव्हे.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्या मंडळींत आणखी एक सवय आढळते. परभाषेच्या प्रदेशात मराठीपण जपताना आपण तिच्यातील गोड तेवढे जपले : नाट्यपदे, भावगीते, दिवाळी पहाट. ते जपलेच पाहिजे. पण नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ आणि विजय तेंडुलकरांचा ‘सखाराम बाइंडर’, दोन्ही १९७२ सालचे, हेही याच भाषेचे धन आहे. ‘सखाराम’ला रंगभूमीवर उभे राहण्यासाठी न्यायालयाची पायरी चढावी लागली होती. १९८३ च्या ‘अर्धसत्य’ या हिंदी चित्रपटाचा काळोखही श्री. दा. पानवलकरांच्या ‘सूर्य’ या मराठी कथेतून आणि तेंडुलकरांच्या पटकथेतून आलेला. मुलांना आपल्या भाषेतील हा भाग आपण दाखविलाच नाही, तर आपल्या रागाला आणि दुःखाला शब्द फक्त परक्या भाषेत आहेत, असा त्यांचा समज होणार.

अनेक वर्षे या वयाच्या मुलांत वावरल्यावर आमचे मत असे झाले आहे, की मूल काळोखी कलाकृतीकडे वळते तेव्हा बहुधा त्याच्या मनात आधीच काही दाटलेले असते. त्याला ते सांगता येत नाही. दुसरा कोणी ओरडून सांगतो, म्हणून बरे वाटते. काळजी करावी ती संगीताची नव्हे. मूल बोलेनासे झाले, जेवेनासे झाले, मित्रांत मिसळेनासे झाले, तर त्याची. तशा वेळी मात्र उशीर न करता डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

एरवी पालकांनी एवढे करावे : दार वाजवून आत जावे आणि ‘तुला यातले सर्वांत आवडते गाणे कोणते, ते लाव’ असे म्हणावे. ते संपेपर्यंत काही बोलू नये. मग विचारावे, हा माणूस कशासाठी ओरडतो आहे? मूल उत्तर देऊ लागले, तर ते गाणे केवळ नशा नव्हे हे समजेल. उत्तर न आले, तर दोघांनी मिळून दुसरे लावावे. हार्डकोअरची गाणी मिनिटभराचीच असतात. तेवढा वेळ कोणत्याही घरात निघू शकतो.