कोल्हापुरात घर भाड्यानं घेताय? आधी तळमजला बघा

ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालं आणि सीपीआर रुग्णालयासमोर काळ्या कोटांची वर्दळ वाढली. सहा जिल्ह्यांचं काम इथं आलं, तशी सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्गाकडची मंडळी खोल्या शोधत फिरू लागली. घरमालकही तयारीचे. भाड्याचा आकडा सांगण्याआधी ‘आता हायकोर्ट आलंय’ हे वाक्य हमखास येतं.

नव्या माणसाचे प्रश्न ठरलेले असतात. भाग सुरक्षित आहे का, भाडं किती, गाडी कुठं लावायची? एजंट तिन्हींची वेगवेगळी उत्तरं देतो आणि तिथंच गाडं अडतं. कोल्हापुरात ही तिन्ही उत्तरं इमारतीच्या तळमजल्यावर एकत्र सापडतात. फ्लॅट चौथ्या मजल्यावरचा असला तरी.

कारण इथं सुरक्षिततेचा पहिला अर्थ चोरी-मारी नसून पाणी. जुलै लागला की शहराचा दिवस राजाराम बंधाऱ्यावरच्या पातळीनं सुरू होतो. पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ फुटांवर धोका. राधानगरी धरणाच्या सात स्वयंचलित दरवाजांपैकी किती उघडले, हे दूधवालाही तोंडपाठ सांगतो. २०१९ आणि २०२१, दोन्ही वेळा नदी ५५ फुटांच्या पुढं गेली. शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला, शहराचा पुण्याकडचा रस्ता तुटला. सुतारवाडा, दुधाळी, शाहूपुरीतली कुंभार गल्ली ही नावं तर जवळपास दर पावसाळ्यात ऐकू येतात. पण त्या दोन पुरांत व्हीनस कॉर्नर, नागाळा पार्क, रमणमळा अशा चांगल्या वस्तीतल्या बंगल्यांतही पाणी शिरलं. भाग उच्चभ्रू आहे म्हणून उंचावर असेलच, असं नाही. शिवाय पाणी नेहमी नदीच्या दिशेनंच येतं असंही नाही. नदी फुगली की शहरातून वाहणाऱ्या जयंती नाल्याचं पाणी उलटं फिरतं आणि नदी जिथून दिसतही नाही तिथं गल्लीत पाणी उभं राहतं.

मालक खोटं बोलत नाहीत, पण बेतानं बोलतात. ‘पावणं, पानी येत न्हाई हो हितं. आलं तर पुरातच येतंय,’ असं एकानं अगदी गंभीर चेहऱ्यानं ऐकवलं होतं. म्हणून मालकापेक्षा इमारतीला विचारावं. जिन्याखालची भिंत पाहा. कमरेच्या उंचीवर रंगाचा पोत बदललेला असेल, खालचा गिलावा नवा आणि वरचा जुना असेल, तर काय ते समजा. विजेचे मीटर डोक्याच्या वर चढवलेले दिसले तर ते कुणी हौसेनं चढवलेले नसतात. पाण्याच्या मोटारीसाठी नवा उंच कट्टा बांधलेला असेल, तर तीही साक्षच. जलसंपदा विभागानं आखलेल्या निळ्या आणि लाल पूररेषा आहेतच. निळी साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. पण दोन वर्षांच्या अंतरानं दोनदा बुडालेल्या शहरात माणसं त्या हिशेबापेक्षा भिंतीवरच्या खुणेवर जास्त विश्वास ठेवतात.

पार्किंगचा प्रश्नही इथंच येऊन भिडतो. नव्या इमारतींत खांबांवरचा मोकळा तळमजला गाड्यांसाठी असतो. पूर आला तर तिसऱ्या मजल्यावर तुम्ही कोरडे राहाल, बुडते ती गाडी. त्यामुळं पाणी वाढायला लागलं की पूरपट्ट्यातली माणसं आधी गाडी उंचावरच्या पाहुण्यांच्या दारात नेऊन लावतात. नव्यानं आलेल्या माणसाला असे पाहुणे कुठले?

शिवाजी पेठ, मंगळवार पेठ म्हणजे खरं कोल्हापूर, यात वाद नाही. तालीम, कट्टा, फुटबॉल सगळं तिथं. रात्री अकराला एकटी बाई गल्लीत शिरली तरी चार ओळखीची माणसं जागी असतात, आणि अनोळखी माणसाला ‘कुणाकडं आलाय?’ हा प्रश्न चुकत नाही. ही सुरक्षितता कुठल्याही सीसीटीव्हीपेक्षा बरी. मात्र चारचाकी असेल तर पेठेचा नाद सोडा. दुचाक्या लावून उरलेल्या बोळातून गाडी काढायची, गणपतीत मांडव पडला की दहा-बारा दिवस ती बाहेर कुठंतरी ठेवायची, आणि नवरात्रात अंबाबाईच्या मंदिराभोवतीचे रस्ते बंद झाले की बिंदू चौकापर्यंत पायी यायचं. महापालिकेनं पैसे घेऊन पार्किंग सुरू करावं म्हटलं, तर आंदोलन करून टोल रद्द करायला लावणारं हे गाव आहे.

माझं मत विचाराल तर पहिलं वर्ष राजारामपुरीच्या मागच्या गल्ल्यांत किंवा सम्राटनगरच्या बाजूला काढावं. भाग उंचावर आहे, विद्यार्थ्यांमुळं रात्री जाग असते, रस्ते पेठेपेक्षा रुंद. मेन रोडवर मात्र गाडी लावायला जागा मिळणं दुर्मीळ. भाडं कमी म्हणून आर. के. नगर, पाचगाव, उचगावकडं जाणारे खूप. जागा ऐसपैस, गाडीला अंगण. पण महापालिका १९७२ सालची आणि हद्दवाढीचा वादही जवळपास तितकाच जुना, त्यामुळं शहराला लागून असलेल्या या वस्त्या ग्रामपंचायतीत. तिथं भाड्याआधी नळाला पाणी किती दिवसांनी येतं, हे विचारायचं. टँकरचा खर्च धरला की वाचलेलं भाडं बरंचसं तिकडंच जातं. केएमटीची शेवटची बस किती वाजता, हेही शेजारच्या दुकानात विचारून घ्यावं.

कराराला सगळे ‘अकरा महिन्यांचा’ म्हणतात आणि अकरा महिन्यांचा आहे म्हणून नोंदवायची गरज नाही, असंही सांगतात. ते चूक आहे. भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणं मुदत कितीही असो, करार लेखी आणि नोंदणीकृत हवा. ती जबाबदारी मालकाची. पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहितीही मालकानंच द्यायची. करारात पार्किंगची जागा क्रमांकासह लिहून घ्यावी. ‘लावा की कुठंबी’ ही सवलत तोंडी असते आणि वरच्या मजल्यावरच्या मुलानं गाडी घेतली की ती संपते.