ओल धरायला शिकताना

जानेवारीत वेण्णा लेकच्या काठावर दव गोठलं, की आमच्या महाबळेश्वरचं छायाचित्र पेपरात येतं. पर्यटक कानटोप्या घालून पहाटेच हिमकण बघायला धावतात. त्याच पहाटे मी न्हाणीघराच्या आरशासमोर उभी असते. कोमट पाण्याचा हबका तोंडावर मारला, की गाल असे चरचरतात, जसा कुणी मिरची कांडलेला हात फिरवलाय.

पण थंडीला दोष देऊन चालणार नाही. थंडी सगळ्यांनाच बाधते. माझ्या चेहऱ्याची गोष्ट वेगळी आहे. पंधरा वर्षांपूर्वी घरात नणंदेचं लग्न होतं. ओळखीतल्या एकीनं औषधाच्या दुकानातली एक ट्यूब सुचवली. ‘चार दिवसांत चेहरा उजळतो बघ!’ डॉक्टरची चिठ्ठी कुणी विचारली नाही, मीही विचार केला नाही. आणि चेहरा खरंच उजळला! लग्नात बायका कौतुकानं विचारत होत्या, मीही मिरवून घेतलं. पुढं ट्यूब बंद केली की चेहरा लाल व्हायचा, पुळ्या उठायच्या. पुन्हा लावली की सगळं शांत. म्हणजे हिच्यावाचून आपलं भागणार नाही, असा अर्थ मी काढला. व्यसनी माणूस तरी दुसरं काय म्हणतो?

शेवटी साताऱ्याला त्वचारोगाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचली आणि चष्मा काढून ठेवला. त्यात स्टेरॉइड होतं. योग्य आजारावर, ठरावीक दिवस, डॉक्टरांच्या देखरेखीखाली ते गुणकारी असतं. पण चेहऱ्यावर वर्षानुवर्षं चोळलं, तर कातडी पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात आणि थांबवलं की आग भडकते. केंद्र सरकारनं २०१८ साली अशा १४ स्टेरॉइडांची मलमं चिठ्ठीच्या औषधांत घातली. माझी ट्यूब त्याच्या कितीतरी आधीची. डॉक्टरीणबाईंनी ती हळूहळू सोडवली. ते महिने कसे काढले, ते माझं मला ठाऊक.

आग ओसरली, पण कातडी हळवी झाली ती झालीच. साबण सोसेना, ऊन सोसेना. समुद्रसपाटीपासून दर हजार मीटर वर चढलं, की उन्हातली अतिनील किरणं साधारण १० टक्क्यांनी वाढतात. आमचं गाव तेराशे मीटरच्याही वर. हवा गार लागते म्हणून ऊन सौम्य असतं, हा आपला भ्रम!

अशात पुण्याच्या भाचीनं एक इवलीशी बाटली पाठवली. ‘मावशी, हे सीरम. हळव्या त्वचेसाठी आहे, वास नाही, रंग नाही.’ किंमत ऐकून ह्यांनी विचारलं, ‘यात केशर आहे का?’ डॉक्टरीणबाईंना फोनवर घटक वाचून दाखवले, त्यांनी हरकत घेतली नाही. मात्र आधी थोडं लावून बघा म्हणाल्या. मला धीर कुठला! पहिल्याच रात्री सगळ्या तोंडाला लावलं. चरचरलं. भाची रागावली. मग मुकाट्यानं कोपराच्या आतल्या बाजूला आठवडाभर लावून पाहिलं, नंतर कानामागं, आणि मग गालावर.

दुसरी चूक त्याहून गमतीची. कोरड्या चेहऱ्यावर सीरम लावून मी गारठ्यात अंगणात जायची आणि चेहरा आणखीच ताणल्यासारखा वाटायचा. ग्लिसरीन काय किंवा हायलुरॉनिक आम्ल काय, ही पाणी धरणारी द्रव्यं. आत-बाहेर पाणीच नसेल, तर ती धरणार काय? चेहरा ओलसर असतानाच सीरम लावायचं आणि वर साध्या क्रीमचा हात फिरवायचा, म्हणजे ओल उडून जात नाही.

हे कळलं, तेव्हा मला आमच्या पावसाळ्याची आठवण झाली. इथं कृष्णेसकट पाच नद्यांचा उगम मानतात आणि पाऊस वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढं जातो. तरी डोंगरावरचं पाणी वाहून जातं. नुसतं पाणी पडून भागत नाही, ते अडवावं लागतं. आणि पावसाआधी इथली घरं पूर्वी गवतानं, आता बहुधा प्लास्टिकनं, झाकून घेतात, नाहीतर भिंती टिकत नाहीत. कातडीचा वरचा थर हे तसंच झाकण. पेशींच्या विटा आणि त्यांमध्ये स्निग्ध पदार्थांचा गिलावा. आतली ओल बाहेर जाऊ द्यायची नाही, बाहेरचा त्रास आत येऊ द्यायचा नाही. ते झाकण मी स्वतःच्या हातानं विस्कटलं होतं.

बाटलीवरच्या नावांत एक ओळखीचं निघालं. हल्ली कोरियन प्रसाधनांत ‘सिका’ म्हणून जिचा गाजावाजा आहे, ती वनस्पती म्हणजे आपली मंडूकपर्णी! ओलसर जागी पसरणारी. बाजारात कित्येकदा हिलाच ब्राह्मी म्हणतात. कुठूनतरी पाला आणून वाटून फासायचा मोह झाला. पण हळव्या कातडीवर प्रयोग किती महागात पडतात, हे मला कुणी शिकवायला नको होतं.

तीन आठवड्यांनी पाण्याचा हबका बोचेनासा झाला. लाली कमी झाली, गेली नाही. नाकाशेजारच्या लाल रेषा तशाच आहेत. सीरमनं जादू केली नाही. निम्मं श्रेय तर सुगंधी साबण, उटणी आणि घासणं बंद केल्याचं.

एवढ्यावर हे सांगणं संपलं असतं. पण मकरसंक्रांतीच्या आदल्या दिवशी दहावीतल्या लेकीच्या कप्प्यात पिन शोधताना हाताला ट्यूब लागली. तीच, नवी कोरी, नुकतीच दाबलेली. माझी पोर सावळी आहे. माझ्या लग्नातल्या फोटोंपेक्षा नणंदेच्या लग्नातले फोटो सगळ्यांना जास्त आवडतात, हे ती लहानपणापासून ऐकत आली होती. माझी जळजळ मात्र मी दाराआड सोसली, तिला कधी सांगितलीच नाही.

त्या रात्री तिला आरशासमोर बसवलं, दिवा जवळ घेतला आणि नाकाशेजारच्या रेषा दाखवल्या. सगळं सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग बाटलीकडे बोट दाखवून म्हणाली, ‘आई, यानं गोरं होतं का?’

‘नाही गं. यानं नुसतं चरचरत नाही.’

दुसऱ्या दिवशी ती ट्यूब घेऊन आम्ही दोघी साताऱ्याच्या गाडीत बसलो. चार दिवसच लावली होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वेळेवर आलात. घरी आल्यावर नणंदेच्या लग्नातला माझा फोटो मी भिंतीवरून उतरवला. तिथं अजून काही लावलेलं नाही.