नदी निवडण्याआधी स्वतःला ओळखा
रिव्हर राफ्टिंगची हौस वाढते आहे. पण सर्वच प्रवाह सर्वांसाठी नसतात

रिव्हर राफ्टिंग म्हटले की एकेकाळी मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर केवळ हृषीकेश येत असे. आता मुंबई-पुण्याहून पहाटे निघून कोलाडच्या कुंडलिकेत राफ्टिंग करावे आणि रात्री घरी परतावे, इतके ते जवळ आले आहे. कार्यालयातील सहकारी, महाविद्यालयीन मित्रमंडळी, सोसायटीतील कुटुंबे असे गट सुटीच्या दिवशी तेथे गर्दी करतात. सहल ठरवताना दर, जेवण आणि बसची चौकशी बारकाईने होते. नदी किती अवघड आहे आणि आपल्यापैकी कोणाला ती झेपेल, हा प्रश्न मात्र अनेकांना राफ्टमध्ये बसल्यावरच पडतो. खरे तर चौकशीची सुरुवात तेथूनच व्हायला हवी.

सहा श्रेणी कशासाठी?

खळाळत्या पाण्याच्या टप्प्यांना राफ्टिंगच्या परिभाषेत ‘रॅपिड’ म्हणतात. त्यांची काठिण्यपातळी जगभर पहिली ते सहावी अशा सहा श्रेणींत मोजली जाते. पहिल्या श्रेणीत पाणी वाहते, पण उसळत नाही. दुसऱ्या श्रेणीत लहान लाटा आणि रुंद, सरळ वाट असते. तिसऱ्या श्रेणीत लाटा अनियमित होतात, राफ्टमध्ये पाणी येते आणि वल्हे एका तालात मारावे लागते. चौथ्या श्रेणीत प्रवाह जोरकस असतो, वाट अरुंद असते आणि वळणे अचूक घ्यावी लागतात. पाण्यात पडलेल्याला बाहेर काढणेही तेथे कठीण होते. पाचवी श्रेणी मुरलेल्यांसाठी आहे, तर सहावी जवळजवळ अशक्य कोटीतील मानली जाते. प्रथमच जाणाऱ्याने दुसरी ते तिसरी श्रेणी ही आपली मर्यादा समजावी.

श्रेणी ही नदीच्या कपाळावर कायमची कोरलेली नसते. पाणी वाढले की तोच टप्पा अधिक अवघड होऊ शकतो. पाणी अतिशय थंड असेल किंवा नदी मदतीपासून दूर, निर्जन प्रदेशातून वाहत असेल, तर ती एका श्रेणीने अधिक अवघड समजावी, असा जाणकारांचा संकेत आहे. लडाखमधील झांस्कर नदीवरील अनेक दिवसांची मोहीम आणि महामार्गालगतची अर्ध्या दिवसाची फेरी यांची तुलना केवळ आकड्यांवरून करता येत नाही, ती यामुळेच.

कुंडलिका आणि गंगा

कुंडलिकेतील राफ्टिंग पावसावर नव्हे, तर विजेवर चालते. भिरा येथील जलविद्युत प्रकल्पात वीजनिर्मिती झाल्यानंतर बाहेर पडणारे पाणी नदीत येते. ते सकाळी सोडले जाते आणि त्याच लोंढ्यावर राफ्ट निघतात. सुमारे १२ ते १४ किलोमीटरच्या या टप्प्यातील रॅपिड प्रामुख्याने दुसऱ्या ते तिसऱ्या श्रेणीचे आहेत. रॅपिडनंतर शांत पाणी लागत असल्याने दम घ्यायला उसंत मिळते. त्यामुळे नवख्यांसाठी कुंडलिका चांगली शाळा ठरते. पावसाळ्यात मात्र ओढ्यानाल्यांचे पाणी मिसळून तिचे रूप पालटते. ‘मागच्या वर्षी सोपे गेले होते’ हा अनुभव तेव्हा कामाचा नसतो.

हृषीकेशला एकाच नदीवर निवड करता येते. ब्रह्मपुरीपासूनचा टप्पा सुमारे नऊ किलोमीटरचा आणि सर्वांत सौम्य. शिवपुरीपासूनच्या सुमारे १६ किलोमीटरमध्ये ‘रोलर कोस्टर’, ‘गोल्फ कोर्स’ असे तिसऱ्या श्रेणीच्या आसपासचे, अंगावर पाणी घेणारे रॅपिड लागतात. त्याहून वर, कौडियालापासून निघणाऱ्या सुमारे ३६ किलोमीटरच्या टप्प्यात ‘द वॉल’ हा चौथ्या श्रेणीचा रॅपिड आहे. तो धडधाकट आणि आधी राफ्टिंग केलेल्यांसाठी. दर किलोमीटरमागे पैसे वसूल होतात म्हणून लांबचा टप्पा निवडणे हा शहाणपणा नव्हे. गंगेचे पाणी हिमालयातून येते; हिवाळ्यात ते अंग बधिर करते. जुलै-ऑगस्टच्या पुरात तेथील राफ्टिंग बंद ठेवले जाते.

पोहता येणे पुरेसे नाही

‘मला पोहता येते’ हे वाक्य अनेकदा फसवे ठरते. तलावातले पोहणे आणि फेसाळ प्रवाहात तरंगणे या निराळ्या गोष्टी आहेत. उलट, दुसऱ्या श्रेणीच्या पाण्यात लाइफ जॅकेट घातलेली, गाइडचे ऐकणारी आणि न पोहणारी व्यक्तीही सुखरूप फेरी पूर्ण करू शकते. अधिक महत्त्वाचे प्रश्न वेगळे आहेत. तासभर वल्हे मारण्याची ताकद आहे का? पाणी नाकातोंडात गेले तर आपण घाबरून जातो का? हृदयविकार, अपस्मार, निखळणारा खांदा, पाठीचे दुखणे किंवा नुकतीच झालेली शस्त्रक्रिया असेल तर डॉक्टरांचा सल्ला घेतला आहे का? गर्भवतींनी या वाटेला जाऊ नये. मद्यपान करून तर कोणीच राफ्टमध्ये बसू नये.

गटाने जाताना सर्वांत धीट सदस्याकडे नव्हे, तर सर्वांत कच्च्या सदस्याकडे पाहून टप्पा ठरवावा. राफ्ट सर्वांच्या वल्ह्यांवर चालते. दोघे भीतीने थिजले तर उरलेल्यांचे बळ अपुरे पडते. मित्रांच्या आग्रहाखातर बसलेला माणूस स्वतःबरोबर इतरांनाही संकटात टाकू शकतो.

पैसे भरण्यापूर्वी विचारा

आज पाण्याची पातळी काय आहे? सर्वांत अवघड रॅपिड कोणत्या श्रेणीचा? तो टाळून काठाने चालत जाता येते का? गाइड प्रशिक्षित आहे का? सोबत बचावासाठी कयाक आणि फेकदोर असतो का? किमान वयाची अट कोणती? या प्रश्नांना ‘काही होत नाही, सगळेच करतात’ असे उत्तर मिळाले, तर तेथून परत फिरणे उत्तम.

लाइफ जॅकेटचे सर्व पट्टे आवळल्यावर कोणाला तरी ते खांद्यांपाशी वर ओढून पाहायला सांगावे. ते कानापर्यंत सरकले तर सैल आहे, हे समजावे. हेल्मेटचा पट्टाही हनुवटीखाली घट्ट हवा. पाण्यात पडल्यास उताणे होऊन, पाय प्रवाहाच्या दिशेला आणि पाण्याच्या पृष्ठभागावर ठेवून तरंगावे. वाहत्या पाण्यात उभे राहण्याचा प्रयत्न करू नये. खडकांच्या फटीत पाय अडकला तर कंबरभर पाणीही माणसाला खाली दाबून धरते.

हे सारे ऐकूनही काठावर मन कचरले तर ‘मी येत नाही’ असे म्हणण्यात कमीपणा नाही. अनुभवी गाइडही पाणी चढलेले दिसले की राफ्ट काठावर ठेवतात. नदी पुढच्या आठवड्यातही वाहणारच असते.