घटक ६ : अनियमितपणे बंद पडणारा संगणक : निरीक्षण, नोंद आणि निदान

६.० उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर तुम्हांला :

- संगणकाच्या ‘अचानक बंद पडण्या’चे प्रकार ओळखून ते अचूक शब्दांत सांगता येतील.
- उष्णता, वीजपुरवठा, स्मृती आणि साठवण यांतील दोषांची लक्षणे स्पष्ट करता येतील.
- एका वेळी एकच बदल करून दोषाचे स्थान शोधता येईल.
- दुरुस्ती यशस्वी झाली की नाही, हे ठरवण्यासाठी किती काळ थांबावे याचा अंदाज बांधता येईल.
- तंत्रज्ञाला उपयोगी पडेल अशी तक्रार-नोंद लिहिता येईल.

६.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, उपयोजित मराठीचा अभ्यास करताना तक्रारलेखन हा विषय तुमच्या परिचयाचा झाला आहे. या घटकात आपण एका विशिष्ट तक्रारीचा विचार करणार आहोत. ही तक्रार शब्दांत मांडणे जितके अवघड, तितकेच तिचे कारण शोधणेही अवघड असते.

समजा, वाशिम जिल्ह्यातील रिसोड तालुक्यात राहणारी एक विद्यार्थिनी वऱ्हाडी बोलीतील शेतीविषयक शब्दांवर प्रकल्प लिहीत आहे. मे महिना आहे. दुपारी काम सुरू असताना संगणक कोणतीही सूचना न देता बंद पडतो. तीन दिवसांनी पुन्हा तसेच घडते. ती संगणक दुरुस्तीच्या दुकानात नेते. तेथे तो तासभर व्यवस्थित चालतो आणि ‘यात काही बिघाड नाही’ असे तिला सांगितले जाते. घरी आल्यावर तो पुन्हा बंद पडतो. मग विंडोज प्रणाली नव्याने बसवली जाते, नंतर रॅम बदलली जाते. दोन्ही वेळा पैसे खर्च होतात, पण संगणक बंद पडतोच. प्रकल्प सादर करण्याची तारीख मात्र जवळ येत असते. अखेर घरातील सर्वांचे एकच मत होते : ‘या यंत्राचा काही नेम नाही.’

हे वाक्य आपण बारकाईने तपासू. यंत्र लहरी नसते. त्याच्या प्रत्येक बंद पडण्यामागे काही भौतिक कारण असते. ‘नेम नाही’ याचा अर्थ ‘नेम अजून आपल्याला सापडलेला नाही’ एवढाच आहे. तो शोधण्यासाठी महागड्या उपकरणांपेक्षा काळजीपूर्वक निरीक्षण, नेमके शब्द आणि थोडा संयम यांची गरज असते.

६.२ विषय-विवेचन

६.२.१ आधी काम वाचवा

निदानाला आरंभ करण्यापूर्वी आपले सर्व लेखन पेन ड्राइव्हवर आणि शक्य असल्यास ई-मेलने स्वतःलाच पाठवून सुरक्षित करा. दोष हार्ड डिस्कमध्ये असेल, तर प्रत्येक चाचणीबरोबर मजकूर नष्ट होण्याचा धोका वाढतो. संगणक बदलून मिळतो, परंतु गावोगाव फिरून गोळा केलेले शब्द पुन्हा त्याच रूपात मिळतीलच असे नाही.

६.२.२ ‘हँग झाला’ म्हणजे नेमके काय?

आपण बोलताना ‘हँग झाला’ हा एकच शब्दप्रयोग चार वेगवेगळ्या घटनांसाठी वापरतो. निदानाच्या दृष्टीने त्या वेगळ्या करणे आवश्यक आहे.

१. पूर्ण बंद होणे : पडदा, पंखे, दिवे सारे एका क्षणात थांबतात. येथे वीजपुरवठा किंवा अतिउष्णता यांचा संशय प्रथम घ्यावा.
२. आपोआप पुन्हा सुरू होणे : संगणक क्षणभर थांबून नव्याने चालू होतो. वीजपुरवठ्यातील क्षणिक घट, रॅम किंवा मदरबोर्डचा दोष संभवतो.
३. गोठणे : पडद्यावरील चित्र तसेच राहते, माउस हलत नाही, पंखा मात्र फिरत असतो. हार्ड डिस्क, रॅम, उष्णता किंवा सदोष आज्ञावली यांपैकी काहीही कारण असू शकते.
४. निळा पडदा : प्रणाली स्वतःच धोका ओळखून काम थांबवते आणि एक सांकेतिक नाव दाखवते. रॅम, डिस्क अथवा एखाद्या उपकरणाचा ड्रायव्हर यांकडे लक्ष वळते. या पडद्याचे मोबाइलवर छायाचित्र घ्यावे.

ही लक्षणे म्हणजे निर्णय नव्हे. चौकशी कोठून सुरू करावी, एवढेच त्यांवरून कळते.

६.२.३ नोंदवही

एका वहीत प्रत्येक घटनेची तारीख, वेळ, प्रकार, त्या वेळी सुरू असलेले काम, खोलीतील उष्मा, विजेची स्थिती आणि संगणक किती वेळाने पुन्हा सुरू झाला हे लिहा. संगणक नीट चालला ते तासही नोंदवा. केवळ बिघाडाच्या वेळा लिहिल्या, तर ‘दुपारीच बंद पडतो’ असा चुकीचा निष्कर्ष निघू शकतो, कारण कदाचित तुम्ही संगणक दुपारीच वापरत असाल.

विंडोज प्रणालीही स्वतःची नोंदवही ठेवते. ‘रिलायबिलिटी मॉनिटर’मध्ये दिवसवार आलेख दिसतो, तर ‘इव्हेंट व्ह्यूअर’मध्ये तपशील असतो. तेथे अनेकदा ‘कर्नेल-पॉवर’, क्रमांक ४१ अशी नोंद आढळते. नावातील ‘पॉवर’ या शब्दावरून अनेक जण वीजपुरवठा देणारा भाग बदलून मोकळे होतात. प्रत्यक्षात ही नोंद संगणक पुन्हा सुरू झाल्यावर लिहिली जाते आणि ‘मागील वेळी संगणक रीतसर बंद झाला नव्हता’ एवढेच सांगते. रीतसर का बंद झाला नाही, हे तिच्यातून समजत नाही.

६.२.४ चार संशयित

(अ) उष्णता. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली कार्यान्वित झालेल्या ‘टिफ्रॅक’ या संगणकात सुमारे २७०० व्हॉल्व्ह होते. त्या काळापासून आजपर्यंत उष्णता बाहेर टाकणे ही संगणकाची मूलभूत गरज राहिली आहे. प्रोसेसरवरचा हीट सिंक आणि पंखा हे काम करतात. मात्र ते प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाहीत. समजा, धूळ साचल्यामुळे काम करताना प्रोसेसरचे तापमान खोलीपेक्षा ५० अंशांनी वर जाते. जानेवारीत २५ अंश सेल्सिअसच्या खोलीत ते ७५ होईल. मे महिन्यात ४३ अंशांच्या खोलीत तेच ९३ होईल. बहुतेक प्रोसेसर १०० अंशांच्या आसपास स्वतःचा वेग कमी करतात आणि तेवढ्याने भागले नाही, तर संरक्षणासाठी संगणक बंद पडतो. म्हणून हिवाळ्यात निर्दोष वाटणारे यंत्र उन्हाळ्यात दगा देते आणि थंड दुकानात त्याचा दोष दिसत नाही. बंद पडल्यावर लगेच सुरू केल्यास काही मिनिटांत पुन्हा बंद होणे, हे उष्णतेचे ठळक लक्षण आहे.

(आ) वीजपुरवठा. कॅबिनेटमधील एसएमपीएस हा भाग घरातील २३० व्होल्ट विजेपासून १२, ५ आणि ३.३ व्होल्टचे प्रवाह तयार करतो. १२ व्होल्टचा प्रवाह ११.४ ते १२.६ या मर्यादेत असावा लागतो. जुन्या एसएमपीएसमधील किंवा मदरबोर्डवरील कपॅसिटर माथ्यावर फुगले असतील, तर काम वाढताच हा प्रवाह डळमळतो. यूपीएसची बॅटरी क्षीण झाली असेल, तर दिवा नुसता मिणमिणला तरी संगणक बंद होतो. याची परीक्षा सोपी आहे. सर्व काम साठवून यूपीएसची पिन काढा. संगणक त्याच क्षणी बंद झाला, तर यूपीएस दोषी ठरतो.

येथे अर्थिंगचाही विचार करावा. वाशिम जिल्ह्यातील काळी कसदार जमीन उन्हाळ्यात आक्रसते आणि तिला भेगा पडतात. अर्थिंगच्या सळईभोवतीची माती सुकली, की तिचा जमिनीशी संपर्क दुबळा होतो. कॅबिनेटला हात लावताच झिणझिण्या येत असतील, तर अर्थिंग तपासून घ्यावे आणि त्या खड्ड्यात उन्हाळाभर पाणी घालावे. मृगाच्या आसपास गडगडाट सुरू झाला, की संगणकाची पिन आणि इंटरनेटची केबल दोन्ही काढून ठेवाव्यात.

सूचना : एसएमपीएसची पेटी कधीही उघडू नका. पिन काढल्यानंतरही तिच्यातील कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या आसपास विद्युतभार राहू शकतो.

(इ) स्मृती, म्हणजेच रॅम. रॅममधील मजकूर ० आणि १ या दोन अंकांत साठवलेला असतो. त्यांतील एक अंक बदलला तरी काय घडू शकते, याचे उदाहरण बेल्जियममधील शारबेक येथे १८ मे २००३ रोजीच्या निवडणुकीत दिसले. संगणकीय मतमोजणीत एका उमेदवाराला शक्य असलेल्या संख्येहून अधिक मते मिळाली आणि म्हणून चूक उघड झाली. फेरमोजणीत वाढीव मते नेमकी ४०९६ निघाली. २ या संख्येचा बारावा घात ४०९६ आहे. म्हणजे स्मृतीतील एकच अंक ० चा १ झाला असावा, असा निष्कर्ष तज्ज्ञांनी काढला. तो कशामुळे बदलला, हे मात्र सिद्ध झाले नाही. तुमच्या संगणकात असे वारंवार होत असेल, तर कधी निळा पडदा, कधी फाइल न उघडणे, कधी पुन्हा सुरू होणे अशी दरवेळी वेगळी लक्षणे दिसतात. ‘विंडोज मेमरी डायग्नॉस्टिक’ किंवा ‘मेमटेस्ट’ रात्रभर चालवा. एक जरी चूक आढळली, तरी स्मृतीच्या व्यवस्थेत दोष आहे असे समजावे. चूक आढळली नाही, तर संशय कमी होतो, पण पूर्ण मिटत नाही. रॅमच्या दोन पट्ट्या असल्यास एकेक पट्टी लावून तपासावी.

(ई) साठवण. हार्ड डिस्कमधून टकटक आवाज येणे, फाइल उघडताना दीर्घकाळ गोठणे ही तिच्या दोषाची लक्षणे होत. डिस्क स्वतःच्या प्रकृतीची माहिती ‘स्मार्ट’ नावाच्या व्यवस्थेत ठेवते. तिच्यात बाद ठरलेल्या किंवा वाचता न येणाऱ्या जागांची संख्या वाढत असेल, तर दुरुस्तीचा विचार न करता डिस्क बदलावी.

६.२.५ एका वेळी एकच बदल

दोष यंत्राच्या भागांत आहे की आज्ञावलीत, हे ओळखण्यासाठी लिनक्स प्रणाली पेन ड्राइव्हवरून सुरू करून काही दिवस काम करावे. तेथेही संगणक तसाच बंद पडत असेल, तर विंडोज पुन्हा बसवण्यात अर्थ नाही.

आयुर्वेदातील निदानपंचकात ‘उपशय’ ही संकल्पना आहे. ज्या रोगाची लक्षणे गूढ असतात, त्यात औषध, आहार किंवा विहार यांत बदल करून रोग्याला बरे वाटते की त्रास वाढतो, हे पाहून रोग ओळखावा, असा तिचा आशय आहे. संगणकालाही हे तत्त्व लागू पडते. उष्णतेचा संशय असेल, तर कॅबिनेटची बाजू उघडून शेजारी टेबल पंखा ठेवावा. मात्र त्याच दिवशी रॅमही बदलली, तर गुण कशाने आला हे कधीच कळणार नाही. गुण आल्यावर केलेला बदल मागे घेऊन पाहावे. त्रास परतला, तर निदान पक्के झाले.

६.२.६ किती दिवस थांबावे?

संगणक सरासरी तीन दिवसांतून एकदा, पण अनियमितपणे बंद पडतो असे धरू. दुरुस्तीनंतर तो तीन दिवस नीट चालला. दोष गेला असे म्हणता येईल का? संभाव्यतेच्या गणितानुसार काहीही दुरुस्त झालेले नसतानाही तीन दिवस निर्विघ्न जाण्याची शक्यता शंभरात सुमारे ३७ असते. नऊ दिवस तसे जाण्याची शक्यता शंभरात सुमारे ५ उरते. म्हणून सरासरी अंतराच्या तिप्पट काळ थांबावे. दुकानातील तासाभराच्या चाचणीवर विसंबून राहणे का चुकीचे, हे यावरून ध्यानात येईल.

६.२.७ तंत्रज्ञासाठी नोंद : नमुना

आपल्या विद्यार्थिनीने ही पद्धत वापरली असती, तर तिची नोंद पुढीलप्रमाणे झाली असती :

*‘डेस्कटॉप संगणक, पाच वर्षे जुना. ५ ते १६ मे या बारा दिवसांत चार वेळा सूचना न देता पूर्ण बंद पडला. चारही वेळा दुपारी १ ते ४ च्या दरम्यान. वीज सुरू होती. लगेच सुरू केल्यास काही मिनिटांत पुन्हा बंद होतो, अर्ध्या तासाने सुरू केल्यास चालतो. रोज सकाळी ६ ते ९ तेच काम केले. तेव्हा एकदाही बंद पडला नाही. १७ मेपासून कॅबिनेट उघडे ठेवून पंखा लावला. नऊ दिवस त्रास नाही. २६ मे रोजी पंखा काढला. २७ मे रोजी दुपारी पुन्हा बंद. कृपया हीट सिंक व पंखा स्वच्छ करून थर्मल पेस्ट नव्याने लावावी. विंडोज पुन्हा बसवू नये.’*

या नोंदीत तर्कापेक्षा तथ्ये अधिक आहेत आणि शेवटची विनंती त्या तथ्यांवर आधारलेली आहे. अशी नोंद हाती असेल, तर दोन अनावश्यक खर्च टळतात आणि तंत्रज्ञाचेही काम सोपे होते.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. ‘कर्नेल-पॉवर ४१’ ही नोंद कोणती माहिती देते?
२. संगणक नीट चालला ते तासही का नोंदवावेत?
३. सरासरी पाच दिवसांतून एकदा बंद पडणारा संगणक दुरुस्तीनंतर किती दिवस तपासावा?

६.३ सारांश

अनियमित वाटणाऱ्या बिघाडालाही कारण असते. प्रथम काम सुरक्षित करावे. घटनेचा प्रकार अचूक शब्दांत सांगावा आणि तारीख-वेळेसह नोंद ठेवावी. उष्णता, वीजपुरवठा, स्मृती आणि साठवण यांची क्रमाने परीक्षा करावी. एका वेळी एकच बदल करावा आणि निष्कर्षापूर्वी सरासरी अंतराच्या तिप्पट काळ थांबावे.

६.४ शब्दार्थ

हीट सिंक : प्रोसेसरची उष्णता शोषून हवेत सोडणारा, पातळ धातूच्या पात्यांचा भाग.
थर्मल पेस्ट : प्रोसेसर व हीट सिंक यांमधील सूक्ष्म पोकळी भरणारा, उष्णता वाहून नेणारा लेप.
ड्रायव्हर : एखाद्या उपकरणाशी प्रणालीचा संवाद घडवून आणणारी आज्ञावली.
उपशय : औषध, आहार किंवा विहार यांतील बदलाने मिळणारा आराम, त्यावरून करावयाची रोगपरीक्षा.

६.५ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

१. मागील वेळी संगणक रीतसर बंद झाला नव्हता, एवढेच, कारण नव्हे.
२. बिघाडाची वेळ आणि वापराची वेळ यांची गल्लत होऊ नये म्हणून.
३. सुमारे पंधरा दिवस.

६.६ स्वाध्याय

१. तुमच्या घरातील पंखा, पाण्याचा पंप किंवा मोबाइल यांपैकी अधूनमधून बिघडणाऱ्या एका वस्तूची पंधरा दिवसांची नोंद ठेवा. तिच्या आधारे शंभर शब्दांत तक्रार-नोंद लिहा.
२. ‘अचूक भाषा हे निदानाचे पहिले साधन आहे.’ या विधानाची सोदाहरण चर्चा करा.